पेवातले चोवीस थेंब

मंगळवारी सकाळी ज्ञानेश्वरी धाराशिवहून भूमच्या गाडीत बसली, तेव्हा तिच्या मांडीवर थर्माकोलचा मोठा डबा होता. कंडक्टरनं विचारलं, "आईस्क्रीम हाय का ताई?"

"न्हाय, रिकामा हाय. येताना भरून आणायचाय."

"काय भरून?"

"थेंब."

कंडक्टरनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं, तिकीट हातात दिलं आणि पुढं सरकला. ज्येष्ठाच्या उन्हात माणसं काहीबाही बोलतात, हे त्याला नोकरीत कळलेलं होतं.

पण पोरगी खरं बोलत होती. ज्ञानेश्वरी ही ईटच्या महारुद्र धनगराची थोरली. धाराशिवच्या एका कॉलेजात अडीच वर्षं ती एका प्रथिनाच्या मागं लागली होती. आता हे प्रथिन म्हणजे काय, ते तिनं आपल्या आईला, हरणाबाईंना, सांगितलं तसंच सांगतो, कारण मलाही तेवढंच कळलंय. जंतूच्या पोटात चिठ्ठ्या फिरत असतात. त्यांना आरएनए म्हणतात. कुठलं काम करायचं ते चिठ्ठीवर असतं. ती कापून-छाटून नीट करायला आणि काम झालं की फाडून टाकायला आत एक कात्री असते. पण कात्री मोकाट सुटली तर नको तेही कापून ठेवील. म्हणून एक प्रथिन येऊन त्या कात्रीला बिलगतं आणि म्हणतं, थांब, आत्ता नको.

"म्हंजे कात्रीवरचा मुकादम," हरणाबाई म्हणाल्या होत्या.

"तसंच समज. तो कात्रीला नेमका कुठं धरतो, ते बघायचंय. त्यासाठी आधी त्याचा आकार कळाय पाहिजे."

"मग बघ की. कुणी अडवलंय?"

अडवलं होतं विजेनं. इतकी बारीक वस्तू कुठल्या दुर्बिणीत दिसत नाही. लाखो-करोडो मुकादम एका रांगेत, एका तालात उभे करून त्यांचा खडा बनवावा लागतो, खडीसाखरेसारखा. स्फटिक म्हणतात त्याला. त्यावर क्ष-किरण सोडले की ठिपके उमटतात आणि ठिपक्यांवरून आकार काढता येतो. हा खडा इवल्याशा थेंबात उगवतो, काचेखाली, वंगण लावून बंद केलेल्या. त्याला गारवा लागतो तो एकसारखा, आणि धक्का तर अजिबात चालत नाही. कॉलेजात वीज दिवसातून तीनदा जायची आणि आली की एसी असा काही हादरत चालू व्हायचा की भिंतीवरची पाल खाली पडायची. नऊ ट्रे नासले. गाळून-गाळून जमवलेलं प्रथिन संपलं. दहावा ट्रे तेवढा उरला. चोवीस थेंबांचा.

तेव्हा तिला घरचं पेव आठवलं. ईटला त्यांच्या दारापुढं जुनं पेव आहे. ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं, वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, आत पोट सुटलेलं, दोन पुरुष खोल. बाहेर बेचाळीस असो की बारा, आत आपला एकसारखा गारवा. चैत्रात पाडव्याला ती ट्रे घेऊन गेली. महारुद्रनं पेव उघडून एक दिवस वारं खाऊ दिलं, कंदील सोडून बघितला, मग स्वतः उतरून गोणपाटावर ट्रे ठेवला. वर शिळा, शिळेला चिखलाचा लिंपा. कॉलेजातले तिचे सर हसले होते. म्हणाले, "ज्ञानेश्वरी, ज्वारी उगवंल बघ त्यात."

आता सर जुलैत रिटायर होणार होते आणि त्यांच्यामागं हे काम कुणी चालवणार नव्हतं. इंदूरच्या मोठ्या मशीनवर गुरुवारी दुपारी चार तास मिळाले होते. चार तास, तेही वर्षभर मागून. गुरुवार हुकला म्हणजे अडीच वर्षं पाण्यात. म्हणून मंगळवारी जायचं, ट्रे काढायचा, चारच्या गाडीनं परतायचं, असा तिचा हिशेब होता. साधं काम. माहेरी गेलेली लेक लोणच्याची बरणी आणते तसलं.

भूमला गाडी बदलून ती ईटला उतरली तेव्हा पावणेबारा झाले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पत्रे तापून कडकड वाजत होते आणि कुत्रीसुद्धा गटारीच्या ओलीत पोट टेकून पडली होती. महारुद्र मेंढरं घेऊन बार्शीच्या अंगाला गेलेला. घरात एकट्या हरणाबाई.

"जेव आधी."

"आई, आधी पेव. जेवायला बसले की उशीर हुतो."

"अगं बाराचा ठोका हाय. ह्या वक्ताला पेवाचं तोंड उघडू न्हाय."

"का?"

हरणाबाईंनी कारण सांगितलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "उघडू न्हाय म्हणत्यात."

"म्हणणाऱ्याला माझी गाडी धरायची न्हाय," असं म्हणून ज्ञानेश्वरीनं दारामागची पहार काढली. लेक बापावर गेलेली, हट्टाला पेटली की पेटली. दोघींनी लिंपा फोडला, पहार घालून शिळा उचकटली. आतून गार श्वास आला. त्याला आंबूस वास होता, भिजलेल्या कडब्यासारखा. मागच्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला होता, थोडं पाणी झिरपलं असावं.

"एक दिस वारं खाऊ द्याय पाहिजे गं," हरणाबाई म्हणाल्या.

"तेवढा टाइम न्हाय. दिवा सोडून बघू. दिवा राहिला तर माणूस राहतो. बाबा तसंच करतात का न्हाय?"

हे मात्र खरं. पेवात उतरण्याआधी दिवा सोडायचा, ही रीत ईटच्या पोराटोरांनाही पाठ. धान्याचा गाळ कुजला की आत विषारी हवा साठते. ती दिसत नाही, कळत नाही, उतरलेला माणूस दोन श्वासांत खाली बसतो. दिवा विझला तर उतरायचं नाही, जळत राहिला तर खुशाल उतरायचं. हरणाबाई आत गेल्या. कंदील खुंटीला होता, पण पाडव्यालाच त्यातलं शेवटचं रॉकेल संपलेलं. रेशनवर रॉकेल यायचं बंद होऊन किती वर्षं झाली. मग त्यांनी काय करावं? चार्जिंगची बत्ती आणली, बाजारात मिळते तसली, पांढऱ्या उजेडाची. कडीला दोर बांधला, खटका दाबला आणि दिली खाली सोडून.

बत्ती खाली गेली. पेवाचं पोट उजळलं. गोणपाट दिसलं, त्यावरचा ट्रे दिसला.

"हाय बघ," हरणाबाई म्हणाल्या. "चांगली जळतीया. जा, पण पटकन ये."

आणि ज्ञानेश्वरीनं मान डोलावली! अहो, जंतूच्या पोटातली कात्री ओळखणारी पोर. एमएस्सीला पहिली आलेली. पण ट्रे डोळ्यांना दिसला होता, आणि रीत तर पाळली होती. दिवा सोडला, दिवा जळतोय, झालं. रीत पाळल्याचं समाधान एवढं मोठं असतं की माणूस दिव्याकडं बघायचंच विसरतो. तिनं शिडी सोडली, ओढणी कमरेला खोचली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरा ठेवला.

खालून आवाज आला. टक्.

आणि बत्ती विझली.

"थांब! ग्यानू, थांब... विझली."

ज्ञानेश्वरी हसली. "आई, ती काय वातीची हाय का? बॅटरीची हाय ती. ती अशी विझत नसती..."

बोलता बोलता तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. बॅटरीची बत्ती हवेनं विझत नाही. म्हणजे खाली कसलीही हवा असती तरी ती जळतच राहिली असती. आणि आपण तिच्या भरवशावर उतरत होतो. एवढ्या उन्हात तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती दोन पायऱ्या वर आली आणि पेवाच्या काठावर मटकन बसली.

"आई... आपण काय करत हुतो गं?"

हरणाबाईंना ते कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा त्यांनी लेकीचा दंड असा धरला की पाच बोटं उठली.

मग त्यांनी दोर वर ओढला. बत्ती उन्हात आली. ज्ञानेश्वरीनं ती हातात घेतली, उलटसुलट केली. बॅटरी उतरली असेल, असंच तिला वाटत होतं. तसं नव्हतं. खटका बंद होता.

"भिंतीला घासला आसंल," हरणाबाई हळूच म्हणाल्या.

"आसंल." ज्ञानेश्वरीनं अंगठ्यानं खटका दाबून बघितला. चांगला घट्ट होता, जोर लावावा लागला. बत्ती लख्ख लागली. "परत सोड. मधोमध सोड. कुठं टेकू देऊ नको."

बत्ती परत खाली गेली. दोघी दोन बाजूंनी वाकून बघत होत्या. दोर पेवाच्या ऐन मधोमध, भिंत चारी बाजूंनी हात-दीड हात लांब. बत्ती तळाच्या वर हातभर थांबली. हलेना, डुलेना. ज्ञानेश्वरी मनात आकडे मोजत होती. एक... दोन... तीन... गल्लीतला एक पत्रा वाजला. सात... आठ...

टक्.

ह्या वेळी दोघींनी ऐकलं. एखाद्यानं अंगठ्यानं सावकाश, नीट दाबावं, तसा आवाज. अंधार झाला. हरणाबाईंनी दोर सोडला नाही. म्हणाल्या, "ग्यानू... देवापुढचा दिवा आण."

तिनं देवघरातला तेलाचा दिवा आणला, तांब्यात ठेवला, तांब्याच्या गळ्याला दोर बांधला. दिवा खाली निघाला. पुरुषभर खाली गेला न गेला, ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि कुणी चिमटीत धरल्यासारखी गेली. वातीचा धूर वर आला नाही. तिथंच, पेवाच्या पोटात, चादर अंथरल्यागत आडवा पसरून राहिला. त्याच्याखाली ट्रे होता. आणि आणखी दोन मिनिटं गेली असती तर ट्रेच्या शेजारी ती असती.

हरणाबाई मग रडल्या. लेकीच्या तोंडावरून हात फिरवत, मध्येच तिच्या पाठीत धपाटा घालत रडल्या. "मसणात गेला तुझा मुकादम! म्या काय केलं असतं गं? तुझ्या बापाला काय सांगितलं असतं, बत्ती जळत हुती म्हणून?" ज्ञानेश्वरीही रडली, पण तिला हसूही येत होतं. जिवंत असल्याचं हसू. उन्हाचा चटका लागत होता, तहान लागली होती, आणि सगळंच गोड वाटत होतं.

रडण्याचा आवाज ऐकून समोरच्या शांताक्का आल्या. सत्तरी उलटलेली बाई, कपाळाला आडवं भस्म, गळ्यात लिंग. त्यांनी उघडं पेव बघितलं, दोरातली बत्ती बघितली आणि काही न विचारता खाली बसल्या. हरणाबाईंनी तुटक तुटक सगळं सांगितलं. शांताक्कांनी बत्ती मागून घेतली. दोन्ही अंगठ्यांनी खटका दाबून बघितला, त्यांना तो दबेना.

"लई घट्ट हाय की गं."

"आक्का," ज्ञानेश्वरीनं विचारलं, "ह्या पेवात कुणी... गेलं हुतं का?"

पूर्वी कुणीतरी पेवात गेलं होतं, एवढं ती लहानपणापासून ऐकून होती. कुठल्या पेवात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हरणाबाईंनी मान खाली घातली.

"आमचेच मालक गेले," शांताक्का म्हणाल्या. "शंभुलिंगआप्पा. अख्ख्या गावाची पेवं तेच काढायचे. कुणाचंबी पेव उघडलं की दिवा सोडल्याबगर पाय टाकू द्यायचे न्हाईत. पोरांच्या कानाखाली वाजवायचे त्यासाठी. आन् एक दिस तुमच्या आज्याकडं लग्नाचे पाव्हणे आले हुते. बाराचा सुमार. ज्वारी पाहिजे हुती, आन् दिवा घावंना. म्हणले, आत्ता येतो की, दिव्याची काय गरज हाय." त्या थांबल्या. "अठ्ठावीस वर्सं झाली."

शांताक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पेवाच्या काठाशी गेल्या, पदर सारखा केला आणि खाली वाकून, घरातल्या माणसाला म्हणावं तशा आवाजात म्हणाल्या, "कळलं हो. पोर न्हाय उतरत. बास झालं आता."

मग वळून त्यांनी दोघींना कामाला लावलं. लिंबाचे डहाळे तोडून आणवले, दोराला भारा बांधून तो पेवात खाली-वर, खाली-वर करायला लावला, आडावरचा पोहरा हलवतात तसा. आतली हवा त्यानं घुसळून निघते. दिवस मावळेपर्यंत तिघी आळीपाळीनं भारा ओढत होत्या. चारची गाडी गेली. सरांचा फोन आला. ज्ञानेश्वरी म्हणाली, "सर, उद्या काढते." सर चिडले, म्हणाले, "उद्या काढून गुरुवारी पोचणार कधी?" ती म्हणाली, "पोचते. न्हाय पोचले तर न्हाय. पण मी हाय, हे बरं हाय ना?" सरांना काही उमगलं नाही.

बुधवारी उजाडल्यावर परत देवाचा दिवा सोडला. तळाला टेकला, तरी ज्योत सरळ. पाऊण तास ठेवला, सरळ. तेव्हा हरणाबाईंनी लेकीच्या कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक आपल्या मनगटाला दोन वेढे देऊन धरलं आणि म्हणाल्या, "बोलत राहा. गप बसलीस की ओढीन."

ती बोलत बोलत उतरली. पायऱ्या मोजत, मुकादमाला शिव्या देत. आत गार होतं आणि सकाळचा उजेड तोंडातून गोल पडला होता. तळाच्या ओल्या भुसकटात तिची पावलं उमटली. दुसरी कुणाची नव्हती. हे तिनं मुद्दाम बघितलं. ट्रे जिथं होता तिथंच होता, काचा बंद, वंगण जागेवर. तिनं तो पाण्यानं काठोकाठ भरलेल्या ताटासारखा उचलला, डब्यात ठेवला, बाजूला गार पाण्याच्या पिशव्या लावल्या. डबा दोरानं वर गेला. निघताना तिला राहवलं नाही. अंधाऱ्या बाजूला बघून हळूच म्हणाली, "आप्पा, नेते हं."

काही उत्तर आलं नाही. त्याचंच तिला फार बरं वाटलं.

पुढचा प्रवास कसा केला, ते तिलाच ठाऊक. बार्शी, तिथून पुणे, पुण्याहून रात्रीची इंदूरची गाडी. डबा सगळा वेळ मांडीवर. खड्डा आला की ती सीटवरून अर्धी उठून हातांवर धक्का झेलायची. शेजारचा माणूस म्हणाला, "ताई, बाळ आहे का आत?" ती म्हणाली, "तसंच समजा."

गुरुवारी दुपारी अडीचला ती मशीनवर पोचली. दोनला तास सुरू झालेले. तिथं दीपालीताई म्हणून पुण्याच्या जाणत्या बाई होत्या, त्यांना ह्या कामाचा पंधरा वर्षांचा सराव. त्यांनी पहिली काच उचलून दुर्बिणीखाली धरली. ज्ञानेश्वरीनं डोळे मिटून घेतले.

"आहेत गं," दीपालीताई म्हणाल्या. "भरपूर आहेत."

स्फटिक! काचेच्या सळीसारखे, कडा धारदार. दीपालीताईंनी एक बारीक फासात उचलला, मशीनवर चढवला आणि किरण सोडले. पडद्यावर ठिपके उमटायला लागले. आधी मधले, मग बाहेरचे, मग अगदी कडेपर्यंत, ओळीनं, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. ज्ञानेश्वरी खुर्चीत बसली आणि हुंदके देऊन रडली. दीपालीताईंनी तिला पाणी दिलं. तिनं सरांना फोन केला, सर कितीतरी वेळ नुसते "शाब्बास, शाब्बास" म्हणत राहिले. मग आईला केला.

"घावला का मुकादम?"

"घावला, आई."

"मग आता जेव काहीतरी. काल सकाळधरनं उपाशी आसशील." हरणाबाईंचा आवाज इतका हलका तिनं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. पेव बुजवायचं ठरलंय, तुझा बाप आला की दोन ट्रॉल्या माती टाकू, असंही त्यांनी सांगितलं.

सहा वाजता आवराआवर चालली होती. दीपालीताई उरलेल्या काचा एकेक करून दुर्बिणीखाली बघत होत्या, जपून ठेवायला. बघता बघता त्या म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी, तुझा हात मात्र फार चांगला आहे हं. केस कशाचा वापरलास?"

"केस? कसला केस?"

"अगं, पेरणीचा. स्फटिक येत नसले की आधीच्या स्फटिकाचा चुरा एखाद्या केसाला लावतात आणि तो केस थेंबातून ओढतात. मांजराची मिशी घेतात कुणी, कुणी घोड्याच्या शेपटीचा घेतात. ज्या रेघेवरून केस गेला त्या रेघेवर नवे उगवतात. हे बघ ना, पाभरीनं पेरल्यासारखे एका ओळीत आलेत."

"ताई, मी असलं काही केलं न्हाय. थेंब पाडव्याला बंद केले, ते आज तुम्ही उघडले."

दीपालीताई हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसायचं थांबवलं. "पण बी लागतं ना त्याला... आधीचा एक तरी स्फटिक लागतो. तू तर लिहिलंयस, ह्याआधी एकदाही आले नव्हते."

"एकदाही न्हाय."

ज्ञानेश्वरीनं दुर्बिणीला डोळा लावला. मग दुसरी काच, मग तिसरी. चोवीसही थेंबांत रेघ होती, सरळ, एकाच बाजूला ओढलेली. ज्या सात काचा अजून कुणी उघडल्या नव्हत्या, त्यांच्या कडेचं वंगण तिनं बोट लावून बघितलं. पाडव्याला तिनं लावलं होतं तसंच होतं ते, कुठंच मोडलेलं नव्हतं.